सी-प्लेन रात्री उडत नाही

मालदीवला जायचंय, फिटनेस सर्टिफिकेट द्या, असं म्हणत येणाऱ्यांची संख्या अलीकडे चांगलीच वाढली आहे. कधी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असतो, कधी मुलांनी आईबाबांना दिलेली साठीची भेट. रक्तदाब मोजला, साखर पाहिली, ईसीजी काढला, सगळं ठीक असलं की सही करायला मला अडचण नसते. पण सही करण्याआधी मी एक प्रश्न विचारतो, आणि त्याचं उत्तर फार थोड्यांकडे असतं. रात्री अकरा वाजता छातीत दुखायला लागलं, तर त्या बेटावरून हॉस्पिटलला कसं जाणार?

हा प्रश्न ऐकून काहींचा चेहरा पडतो. डॉक्टर कशाला अशुभ बोलताय, असंही ऐकून घेतलंय. त्याऐवजी मला विचारले जाणारे प्रश्न वेगळेच असतात. मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का? (नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मालदीवला मलेरियामुक्त जाहीर केलं आहे. डास मात्र आहेत आणि डेंग्यूही आहे.) पाणी बाधेल का? बोट लागेल का? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण यातल्या कशानेही सहसा जीव जात नाही. अंतराने जातो.

मालदीवचा नकाशा एकदा नीट पाहा. उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरहून जास्त पसरलेला देश, त्यात सुमारे बाराशे छोटी बेटं, त्यातली जेमतेम दोनशे लोकवस्तीची. पहिलं रिसॉर्ट १९७२ साली सुरू झालं आणि तेव्हापासून एक बेट, एक रिसॉर्ट अशी पद्धत रूढ झाली. म्हणजे तुम्ही राहता त्या बेटावर गाव नाही, बाजार नाही, औषधाचं दुकान नाही. जाहिरातीत 'एकांत' म्हणून जे विकलं जातं ते हेच. मोठी हॉस्पिटलं राजधानी मालेत आणि तिच्या आसपास आहेत. त्यातलं इंदिरा गांधी मेमोरियल हॉस्पिटल भारताच्या मदतीने उभं राहिलं. पण गुंतागुंतीच्या आजारांसाठी खुद्द मालदीवचे लोक केरळात किंवा श्रीलंकेत उपचाराला येतात, हेही लक्षात घ्या.

लांबच्या बेटांवर जायला सी-प्लेन असतं. फोटोंमध्ये ते फार सुंदर दिसतं आणि प्रवासही खरोखर सुंदर असतो. ते पाण्यावर उतरतं आणि वैमानिकाला पाणी डोळ्यांनी दिसावं लागतं, म्हणून ते फक्त दिवसा उजेडी उडतं. त्यामुळेच तुमचं मुंबईचं विमान दुपारी उशिरा मालेला पोचणार असेल, तर ती रात्र मालेजवळ काढा असं ट्रॅव्हल एजंट सांगतो. तेव्हा आपण फक्त एका रात्रीच्या जादा भाड्याचा हिशेब करतो. दुसरा हिशेबही करायला हवा. मालदीव विषुववृत्तावर आहे, तिथे वर्षभर साधारण बारा तासांचा दिवस आणि बारा तासांची रात्र. म्हणजे पाच रात्रींच्या मुक्कामात पाच वेळा बारा-बारा तास तुमच्या परतीचा मुख्य रस्ता बंद असतो. उरते ती बोट. समुद्र शांत असेल तर बरं, पण मे ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांत, जेव्हा पॅकेज स्वस्त असतात, तो नेहमी शांत नसतो.

आता हे तास आजाराच्या घड्याळाशी लावून पाहू. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद होते आणि मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत जातो. निदानापासून दोन तासांच्या आत ॲन्जिओप्लास्टी होऊ शकत नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच द्यावं, असं आमची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पक्षाघातात तसंच इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेही आधी मेंदूचा सीटी स्कॅन करून. रिसॉर्टवर सीटी स्कॅन नसतो. संध्याकाळी सात वाजता तोंड वाकडं झालं आणि पहिलं विमान सकाळी सहानंतर, तर त्या इंजेक्शनची वेळ झोपेतच निघून गेलेली असते.

स्थानिक लोकांचीही यातून सुटका नाही. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिणेकडच्या एका बेटावरच्या मुलाला पक्षाघात झाला. घरच्यांनी रात्रीच विमानासाठी फोन लावले, प्रतिसाद सकाळी मिळाला आणि मुलगा मालेत दगावला, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्या बेटावर लोक राहतात, तिथल्या नागरिकांना सरकारी आरोग्य विम्याचं संरक्षण आहे. तुम्ही तिथे पाहुणे आहात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. "आमच्या कोकणातल्या गावाहूनही कॅथलॅब तीन तासांवर आहे, मग आम्ही गावी जायचं नाही का?" जरूर जा. खरं तर चांगल्या रिसॉर्टवर निवासी डॉक्टर, ऑक्सिजन, ईसीजी आणि हृदय ठप्प झाल्यावर शॉक देणारं यंत्र असतं, जे आपल्याकडच्या अनेक गावांत नसतं. फरक दोन गोष्टींचा आहे. गावाहून मध्यरात्रीही जीप निघते. आणि गावी गेल्यावर तुम्ही ओटीवर बसता. बेटावर मात्र वर्षभर सोफ्यावरून न उठलेला माणूस पहिल्याच सकाळी भरपेट नाश्ता करून, कदाचित आदल्या रात्रीची दारू अंगात असताना, तोंडात नळी धरून समुद्रात उतरतो.

या नळीबद्दल, म्हणजे स्नॉर्केलिंगबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण ते सगळ्यांना पोरखेळ वाटतं. मालदीवमधल्या पर्यटकांच्या मृत्यूंत बुडण्याचा वाटा मोठा आहे. बुडणं म्हणजे हातपाय मारणं, ओरडणं, अशी आपली सिनेमातली कल्पना. स्नॉर्केलिंग करताना माणूस बऱ्याचदा तोंड पाण्यात ठेवून शांतपणे तरंगत असतो, आणि शेजारच्याला वाटतं तो मासे बघतोय. शरीर पाण्यात गेलं की पाण्याच्या दाबाने पायांतलं आणि पोटातलं अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीकडे ढकललं जातं. निरोगी हृदय ते सहज पेलतं. रक्तदाबाने जाड झालेलं, ताठरलेलं हृदय पेलेलच असं नाही. त्यात नळीतून श्वास ओढायला जास्त जोर लागतो. काहींच्या फुप्फुसांत या सगळ्यामुळे पाणी साठू लागतं. पाणी पोटात किंवा नाकातोंडात गेलेलं नसतानाही दम लागतो, हातपाय गळतात, आणि नेमकी तेव्हाच मदतीसाठी हाक मारायची ताकद उरत नाही.

म्हणून पोहता येत असो वा नसो, लाइफ जॅकेट घाला. त्यात लाज कसली? जोडीदार पाण्याबाहेर मान काढून दर मिनिटा-दोन मिनिटांनी तुमच्याकडे बघणारा हवा, तोही मासे बघण्यात गुंगला तर उपयोग नाही. पाय टेकतील तिथेच राहा, कारण प्रवाळाच्या कडेला तळ एकदम खोल जातो आणि प्रवाह ओढतो. अकारण दम लागला तर 'थोडं पुढे जाऊन थांबतो' असं करू नका. लगेच पाठीवर उलटं व्हा, मास्क आणि नळी काढा, हात वर करा आणि बाहेर या. दोन जिने चढताना ज्यांना थांबावं लागतं, त्यांनी मासे काचेच्या तळाच्या बोटीतून बघावेत. तेही छान दिसतात.

स्कूबा डायव्हिंगआधी एक प्रश्नावली भरून घेतात. दमा आहे का, फिट येते का, कानाचं ऑपरेशन झालंय का, इन्सुलिन घेता का, वगैरे. एकाही उत्तरात 'हो' आलं तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती तिथे चटकन मिळत नाही म्हणून लोक सरसकट 'नाही'वर खुणा करतात. तो कागद रिसॉर्टचा बचाव असेल, पण तो तुमचाही आहे. निघण्याच्या महिनाभर आधी तो भरा आणि इथे तपासून घ्या. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह रद्द करा, नाहीतर कानाचा पडदा जाऊ शकतो. एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान अठरा तास विमानात बसायचं नसतं, म्हणून शेवटचा दिवस कोरडा ठेवा. डाइव्हनंतर सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या, चक्कर आली, तर ते थकव्याचं म्हणून झोपून जाऊ नका. ऑक्सिजन मागा आणि डॉक्टरला उठवा.

गरोदर बायकांबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. सातव्या महिन्यापर्यंत विमान कंपन्या फारशी खळखळ करत नाहीत म्हणून 'बेबीमून'ची फॅशन आली आहे. पण विमान कंपनीचा प्रश्न तीन-चार तासांच्या प्रवासाचा असतो, माझा प्रश्न पाच रात्रींचा आहे. सगळ्यात धोकादायक काळ बऱ्याचदा सुरुवातीचा. पाळी चुकली, टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि बुकिंग आधीच झालेलं आहे, अशा वेळी सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयातच आहे याची खात्री केल्याशिवाय निघू नका. गर्भ नळीत असेल आणि नळी फुटली, तर पोटात रक्तस्राव होतो, काही तासांत ऑपरेशन आणि रक्त लागतं. बेटावर दोन्ही नाही. शिवाय मालदीवमध्ये पूर्वी झिकाचे रुग्ण आढळले आहेत, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय ठरवू नका. माझा सल्ला विचाराल तर गरोदरपणात हॉस्पिटलला गाडीने जाता येईल अशा किनाऱ्यावर जा.

बाकीच्यांना मी जाऊ नका म्हणत नाही. बेट निवडताना एक तारा कमी चालेल, अंतर कमी ठेवा एवढंच म्हणतो. मालेच्या विमानतळापासून स्पीडबोटने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतील अशी कितीतरी रिसॉर्टं आहेत. पाण्याचा रंग तोच असतो. लांबच जायचं असेल, तर ज्याच्या जवळ देशांतर्गत विमानतळ आहे ते बेट फक्त सी-प्लेनवर अवलंबून असलेल्या बेटापेक्षा बरं. स्टेंट टाकलेले, पूर्वी पक्षाघात झालेले, फिट येणारे, नुकतंच ऑपरेशन झालेले यांनी तरी यात तडजोड करू नये. आपल्या अंदमान-लक्षद्वीपलाही हाच नियम. बंगारामला राहणाऱ्याला आधी बोटीने अगत्तीला यावं लागतं, मग पुढे कोची.

पैसे भरण्यापूर्वी रिसॉर्टला एक ईमेल करा. डॉक्टर बेटावरच राहतो की शेजारच्या बेटावरून बोलवावा लागतो? ऑक्सिजन आणि शॉकचं यंत्र आहे का? रात्री रुग्णाला हलवायचं तर कशाने, कुठे आणि किती वेळात? चांगली रिसॉर्टं नीट उत्तर देतात. 'काळजी करू नका सर, सगळी सोय आहे' एवढंच उत्तर आलं, तर दुसरं बेट शोधा.

विमा घेताना किती लाखांचा आहे यापेक्षा आत काय लिहिलंय ते वाचा. रुग्णाला बेटावरून हलवण्याचा आणि भारतात आणण्याचा खर्च त्यात आहे का, आधीपासूनचा आजार वगळलाय का, डायव्हिंग वगळलंय का. मधुमेह किंवा रक्तदाब लपवून घेतलेला विमा नेमक्या वेळी नाकारला जातो.

आणि औषधं. मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची घ्या, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह. झोपेच्या गोळ्या, कोडीन, ट्रामाडॉल यांच्यासारख्या औषधांबाबत मालदीवचे कायदे कडक आहेत. तापाला फक्त पॅरासिटामॉल ठेवा, कारण डेंग्यू असेल तर ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. इन्सुलिन मिनीबारच्या बर्फाजवळ ठेवू नका, गोठलं की ते वाया जातं. काही रिसॉर्टं आपलं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, तेव्हा गोळ्यांची वेळ त्या हिशेबाने लावा. सगळं हातातल्या पिशवीत असू द्या. सी-प्लेनमध्ये वजनाची मर्यादा असते, मोठी बॅग कधीकधी मागच्या विमानाने येते, आणि ते दिवसाचं शेवटचं विमान नसेल याची खात्री नसते.