नात्यातील श्रमांचे मोल

चुलत्याच्या घरातील विजेच्या तारा नव्याने ओढून देणारा, त्यासाठी आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांची कामे आठ दिवस मागे ठेवणारा आणि तारा-बटणांचे पैसेही दुकानदारास पदरचे भरणारा एक तरुण वायरमन माझ्या परिचयाचा आहे. काम संपले तेव्हा त्याच्यापुढे चहा आला, पाठीवर शाबासकीची थाप पडली. परंतु मजुरी तर राहोच, सामानाची रक्कमसुद्धा 'तू घरचाच आहेस, बघू नंतर' या एका वाक्यात बुडाली.

नळ दुरुस्त करणारा मेहुणा, गिलावा करून देणारा भाचा, पंपाची मोटार भरून देणारा जावई, या सर्वांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. परक्या कारागिराशी पै-पैचा ठराव करणारी माणसे आप्ताचा घाम मात्र प्रेमाच्या खाती जमा धरतात, आणि मागणाऱ्याची जीभ संकोचाने जड झालेली असल्यामुळे हा अन्याय वर्षानुवर्षे निर्वेध चालतो.

नात्यात हिशेब आणू नये ही आपली परंपरा, असे याचे समर्थन केले जाते. पण परंपरेची साक्ष निराळी आहे. सावडीने दुसऱ्याच्या शेतावर राबलेल्याचे दिवस मोजले जात व तितकेच दिवस परत फेडले जात. इर्जिकीला औत घेऊन आलेल्यांना पोटभर जेवू घालणे हे यजमानाचे कर्तव्य मानले जाई. आणि सुतार-लोहाराचे बलुते खळ्यावरच्या राशीतून निराळे काढले जाई. ही फेड होत असे, म्हणूनच पुढच्या वर्षी त्याच माणसाला हाक मारण्यास तोंड उरत असे.

कायदाही श्रमिकाकडे पाठ फिरवीत नाही. फुकट करण्याचा हेतू नसताना एकाने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे, असे 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 70 वे कलम सांगते. मात्र सांगून करून घेतलेल्या कामाच्या मोबदल्याची मुदत ठरलेली नसेल, तर 1963 च्या मुदतीच्या कायद्यान्वये काम पुरे झाल्यापासून 3 वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. संकोचात घालविलेला काळ न्यायालय परत देत नाही. म्हणून सामानाच्या पावत्या जपाव्यात, आणि त्या मुदतीतच देणेकऱ्याकडून सहीनिशी लेखी कबुली घ्यावी, म्हणजे मुदत तेथून नव्याने मोजली जाते. दिवाणी कचेरीची पायरी चढण्यापूर्वी लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्न करता येतो. तेथे न्यायालयीन शुल्क पडत नाही, आणि उभयपक्षी झालेल्या समझोत्याला हुकूमनाम्याचे बळ लाभते.

परंतु ही वेळच येऊ नये, हे खरे कुटुंबहित होय. त्यासाठी कारागिराने हत्यारांची पिशवी उघडण्याआधी रक्कम सांगावी, हे तर योग्यच. पण त्याहूनही योग्य हे की, ज्याच्या घरी काम आहे त्या वडीलधाऱ्यानेच प्रथम 'तुझे किती द्यायचे?' असे विचारावे, कारण वयाने व मानाने लहान असलेल्यास तो प्रश्न स्वतः काढणे फार कठीण जाते. त्या चुलत्यांच्या घरी रोज सांजवेळी दिवे लागतात. ते लावताना पुतण्याच्या त्या आठ दिवसांची आठवण त्यांना व्हावी आणि त्यांनी आपण होऊन त्याचे देणे त्याच्या घरी पोचते करावे.