भरलेले तेवढे राहू द्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढचे दोन-तीन महिने आपल्याकडे घरोघरी फॉर्म भरण्याचा हंगाम असतो. अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. बहुतेक सगळे आता ऑनलाइन. तालुक्याच्या खेपा वाचल्या, ही मोठीच सोय झाली. पण या फॉर्मांमधला एक दोष मी वर्षानुवर्षे पाहतो आहे, आणि तो काढणे इतके सोपे आहे की अजून तो दिसला की संताप होतो. सबमिट दाबले, कुठेतरी एक चूक निघाली, वर लाल अक्षरांत एक ओळ उमटली आणि खाली सगळे रकाने कोरे.

आमच्या भागात झेरॉक्सच्या दुकानात एक मुलगा असे फॉर्म भरून देतो. परवा एक बाई मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी आल्या होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून देत होत्या: रेशनकार्ड, बोनाफाइड, पासबुक. तो टाइप करत होता. शेवटी कॅप्चा टाकला, त्यात इंग्रजी ओ आहे की शून्य हे कळेना. चुकला. पान परत आले ते रिकामे.

“मावशी, परत सांगा. पेज उडालं.”

“आत्ताच तर सगळं सांगितलं ना रे बाळा?”

“ते गेलं सगळं.”

त्यांनी पिशवीत ठेवलेले कागद पुन्हा बाहेर काढले. मागे रांग होती, म्हणून त्या रांगेतल्या लोकांकडे बघून ओशाळल्या. चूक त्यांची नव्हती, त्या मुलाचीही नव्हती. हे पान ज्याने बनवले त्याने एक काम अर्धवट सोडले होते.

मी स्वतः याच धंद्यात आहे, म्हणून ते काम कोणते हे सांगतो. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला प्रत्येक व्यवहार कोऱ्या पाटीने सुरू होतो. मागच्या खेपेला काय झाले हे सर्व्हरला आपणहून आठवत नाही. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवायची छोटी नोंद, आणली ती ही उणीव भरून काढायलाच. तुम्ही सबमिट दाबता तेव्हा भरलेले सगळे सर्व्हरकडे जाते. चूक निघाली तर सर्व्हर तेच पान नव्याने तयार करून पाठवतो. त्या पानात तुमचे शब्द परत लिहायचे हे बनवणाऱ्याने सांगून ठेवले असेल तरच ते लिहिले जातात. म्हणजे माहिती सर्व्हरच्या हातात आलेली असते आणि तरीही तो ती टाकून देतो. वेबसाइट बनवण्याच्या तयार साधनांपैकी लॅरावेलमध्ये यासाठी ‘ओल्ड’ नावाचे छोटे फंक्शन तयार आहे, जँगोचे फॉर्म तर हे मुळातूनच करतात. कोणी स्वतःचा फॉर्म हाताने लिहायला घेतला की मात्र हे राहून जाते, कारण चाचणी घेताना सगळे बरोबरच भरले जाते.

नाव आणि पत्ता परत भरणे सोपे असते. खरी परीक्षा पुढे आहे. जिल्हा, तालुका, गाव हे तीन ड्रॉपडाउन घ्या. जिल्हा निवडल्यावर त्याच्या तालुक्यांची यादी मागवली जाते, तालुक्यानंतर गावांची. पान परत येते तेव्हा जिल्हा जागेवर दिसतो, पण तालुक्याची यादी कोणी मागवलेलीच नसते, म्हणून तालुका आणि गाव रिकामे. भरणाऱ्याला वर जिल्हा दिसतो, त्याला वाटते सगळे ठीक आहे. तो पुन्हा सबमिट करतो आणि नवी चूक निघते. जिल्ह्याच्या आधारे तालुक्यांची यादी सर्व्हरनेच भरून पाठवायला हवी.

चौकटीतली बरोबरची खूण हा प्रकार तर याहून गंभीर. टिक न केलेल्या चौकटीबद्दल ब्राउझर सर्व्हरला काहीच कळवत नाही. ‘मला जाहिरातीचे संदेश पाठवा’ यावर आधीच टिक असेल आणि तुम्ही ती काढली असेल, तर सर्व्हरपर्यंत फक्त शांतता पोचते. आळशी कोड समजतो की या माणसाने अजून काही ठरवलेले नाही, आणि परत येणाऱ्या पानावर टिक पुन्हा लावून ठेवतो. तुम्ही नाही म्हणालात, त्याचे हो झाले, आणि पिनकोड दुरुस्त करण्याच्या घाईत ते तुमच्या लक्षातही आले नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा आपला 2023 चा कायदा म्हणतो की संमती माणसाच्या स्पष्ट कृतीतून आलेली असावी. ही तशी नाही. मुळात अशी टिक आधी लावूनच ठेवू नये.

वसईत किंवा गोव्यात डिसोझा आडनाव इंग्रजीत लिहिताना काही जण डी नंतर वर स्वल्पविराम देतात. ते नाव रकान्यात परत लिहिताना त्या खुणेचा नीट बंदोबस्त केला नाही तर संगणकाला नाव तिथेच संपल्यासारखे वाटते आणि नुसता डी उरतो. याच फटीतून कोणी वाईट हेतूने कोडही आत सोडू शकतो, त्यामुळे हा बंदोबस्त केवळ आडनावांपुरता नाही. देवनागरीत लिहिलेली नावे प्रश्नचिन्हांची रांग होऊन परतलेलीही मी पाहिली आहेत. युनिकोड सर्वत्र चालत असताना हे कोणाच्याही वाट्याला यायला नको.

आता सगळेच परत भरावे का? नाही. पासवर्ड, ओटीपी, कार्डाच्या मागचे तीन आकडे कोरेच राहिले पाहिजेत, कॅप्चा तर नवाच हवा. फोटो आणि सहीची फाइल परत लावण्याची मुभा ब्राउझर वेबसाइटला देत नाही, ते आपल्या सुरक्षिततेसाठीच. तिथे सर्व्हरने आलेला फोटो बाजूला ठेवावा आणि ‘फोटो मिळाला आहे’ असे दाखवावे. अर्धा भरलेला फॉर्म ब्राउझरमध्येच साठवण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. स्वतःच्या फोनवर ती उत्तम आहे. पण झेरॉक्सच्या दुकानात एकाच संगणकावर दिवसभर निरनिराळी माणसे येतात, तिथे आधीच्या बाईंचा आधार क्रमांक पुढच्या माणसाला दिसणे हा भलताच धोका. तिथे मसुदा सर्व्हरवर, अर्ज क्रमांकाखाली राहिला पाहिजे.

आणि वेळ. पीएचपी या वेबसाइट लिहिण्याच्या भाषेत सेशनची, म्हणजे सर्व्हरने तुमची ओळख धरून ठेवण्याची, मूळ मुदत 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटे आहे. कोणी बदलली नाही तर तीच राहते. तुम्ही एकाच पानावर बसून टाइप करत असता तेव्हा सर्व्हरला त्याचा पत्ताच नसतो, त्याच्या लेखी तुम्ही निघून गेलेले असता. म्हाताऱ्या बोटांना, हात थरथरणाऱ्यांना, स्क्रीन वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला 24 मिनिटे पुरत नाहीत. वेबच्या सुलभतेचे जागतिक निकष म्हणतात की मुदत संपण्यापूर्वी निदान 20 सेकंद आधी सूचना द्यावी आणि साध्या कृतीने ती वाढवता यावी. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या 2.2 या आवृत्तीत आणखी एक निकष आला: एकाच कामात आधी दिलेली माहिती माणसाकडून पुन्हा टाइप करून घेऊ नये. तो सर्वांत प्राथमिक पातळीवर ठेवला आहे.

त्यामुळे संस्था, कॉलेजे, नगरपालिका, पतपेढ्या, जे कोणी फॉर्म बनवून घेतात त्यांना माझे सांगणे आहे. बिल चुकते करण्याआधी तो फॉर्म स्वतः चुकवून बघा. जिल्हा गडचिरोली, तालुका भामरागड, गाव हेमलकसा निवडा. आडनावात ती वरची खूण घाला. नाव देवनागरीत लिहा. संदेशाची टिक काढा. फोटो लावा. पिनकोड मुद्दाम खोटा टाका, अर्धा तास चहाला जा आणि मग सबमिट दाबा. पिनकोडाचा रकाना लाल आणि बाकी सगळे जागच्या जागी असेल तरच पैसे द्या.