एचआयव्ही आहे... पण कोणता?

एक डिसेंबर आला की आपल्याकडे एनएसएसवाले लाल रिबिनी वाटतात, पोर्चमध्ये पथनाट्य होतं आणि मेसच्या दारावर पोस्टर लागतं : "टेस्ट करून घ्या!" चांगलंच आहे. पण टेस्ट केल्यावर जो कागद हातात येतो तो वाचायचा कसा, हे कुणीच सांगत नाही. मी असा एक कागद पाहिलाय. कुणाचा ते विचारू नका, २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय सांगायला मनाई आहे आणि कायदा नसता तरी सांगितलं नसतं. प्रायव्हेट लॅब, गुळगुळीत लेटरहेड, आणि निकालाची एकच ओळ : "एचआयव्ही १ अँड २ : रिअ‍ॅक्टिव्ह". घरच्यांना वाटलं, दोन्ही झालेत!

खरं तर त्या ओळीचा अर्थ एवढाच की ही टेस्ट दोन्ही विषाणूंसाठी आहे, आणि काहीतरी सापडलंय. कोणता, ते लॅबने बघितलेलंच नाही. व्हायव्हाला "हे सर्किट कुठलं?" विचारल्यावर "सर, इलेक्ट्रॉनिक" असं उत्तर देण्यासारखं झालं हे. आपल्याला त्यावर केटी लागते. लॅबला मात्र पैसे मिळतात.

माझं मराठी कॉन्व्हेंटछाप आहे, सांभाळून घ्या, पण मुद्दा सरळ आहे. एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ हे एकाच विषाणूचे दोन नंबर नाहीत, दोन वेगळे विषाणू आहेत. एक माणसात आला चिंपांझींकडून, दुसरा पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे नावाच्या माकडांकडून. एचआयव्ही-२ वेगळा काढला तो १९८६ साली, लिस्बनमध्ये उपचार घेणाऱ्या पश्चिम आफ्रिकेतल्या रुग्णांच्या रक्तातून. "आफ्रिकेतली भानगड, आपल्याला काय" असं म्हणणाऱ्यांसाठी : १९९१ मध्ये त्याची भारतातली पहिली नोंद झाली ती मुंबईतून. गोव्यातही रुग्ण सापडले. आपल्याकडे आजही बहुतेकांना एचआयव्ही-१ च असतो, पण दुसरा अगदी शेजारी आहे.

आता फरक काय पडतो? एचआयव्ही-२ सावकाश चालतो, कमी पसरतो. पण नेव्हिरापिन आणि एफाविरेन्झ ही औषधं त्याच्यावर चालतच नाहीत. ही औषधं विषाणूच्या एका एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसतात. एचआयव्ही-२ मध्ये त्या खाचेचा आकारच वेगळा आहे. मेट्रिक बोल्ट भलत्याच थ्रेडच्या नटात घालून बघा, तसं. २००४ मध्ये सरकारने फुकट उपचार सुरू केले तेव्हा नेव्हिरापिन त्यातलं एक मुख्य औषध होतं. म्हणजे प्रकार न ओळखता एचआयव्ही-२ च्या रुग्णाला ते दिलं, तर तीन औषधांच्या नावाखाली त्याला दोनच मिळणार, आणि विषाणू त्या दोघांना सरावण्याची भीती.

मग ओळखायचं कसं? रॅपिड टेस्टमध्ये दोन्ही विषाणूंच्या प्रथिनांच्या वेगवेगळ्या रेघा किंवा ठिपके असतात, एचआयव्ही-१ साठी जीपी-४१, एचआयव्ही-२ साठी जीपी-३६. रक्तातल्या अँटीबॉडीज ज्याला चिकटतील तो उमटतो. गोम अशी की ही प्रथिनं थोडीफार सारखी आहेत, त्यामुळे एचआयव्ही-१ च्या अँटीबॉडीज भरपूर असल्या की शेजारची रेघही उमटते. ईएनटीसीवाले लगेच ओळखतील : क्रॉसटॉक! दोन रेघा म्हणजे दोन इन्फेक्शन असं धरून चालत नाही. जुनी वेस्टर्न ब्लॉटही इथे फसायची. म्हणूनच २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने ती बाजूला करून दोन प्रकार वेगळे करणारी अँटीबॉडी टेस्ट सुचवली. त्यानेही सुटलं नाही तर त्या त्या विषाणूचं जनुक शोधणारी पीसीआर.

आमच्या विंगमध्ये यावर रात्री बाराला वाद झाला. एकीचं म्हणणं, ब्लड बँक कुठे प्रकार विचारते? बरोबर, पण ब्लड बँकेला फक्त ती बाटली वापरायची की फेकायची एवढंच ठरवायचं असतं. माणूस फेकता येत नाही ना! दुसरी म्हणाली, आता डोल्युटेग्राविर आलंय, ते दोन्हींवर चालतं, मग कशाला खर्च? हा मुद्दा जड आहे, मान्य. २०२० नंतर आपल्या सरकारी उपचारातही तेच मुख्य औषध झालंय. पण औषध चालतंय की नाही हे बघायला व्हायरल लोड मोजतात, आणि नेहमीचं किट फक्त एचआयव्ही-१ मोजतं. एचआयव्ही-२ च्या रुग्णाला त्यावर "विषाणू आढळला नाही" असं येणार, आत काहीही चाललं असलं तरी! आणि आई एचआयव्ही-२ ची असेल तर बाळाला नेव्हिरापिनचं सिरप देऊन उपयोग नाही, झिडोवुडिन द्यावं लागतं. त्या बाळासाठी तरी एवढा खर्च महाग नाही.

सरकारी आयसीटीसीमध्ये तपासणी फुकट होते, समोर काउन्सेलर बसतो, आणि एचआयव्ही-२ ची किंवा दोन्हींची शंका आली तर सँपल पुढे रेफरल लॅबला पाठवायची पद्धत आहे. प्रायव्हेट लॅबने निदान एवढं छापावं : "प्रकार तपासलेला नाही, पुढे तपासून घ्या". आणि असा कागद कधी तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या हातात आला, तर रडारड नंतर, आधी काउंटरवर विचारा, "वन की टू?"