‘हार्ड’ काम करा, ‘हार्डली’ नको!

‘आय विल वर्क हार्डली.’

नोकरीच्या अर्जात हे वाक्य लिहिणाऱ्या पोराला सांगायचं असतं, ‘मी खूप मेहनत करीन.’ वाचणाऱ्याला कळतं, ‘मी फारसं काम करणार नाही.’ त्यानं व्याकरणाचा नियम अगदी प्रामाणिकपणे पाळलेला असतो. शाळेत शिकवलं होतं, विशेषणाला ‘ली’ लावलं की क्रियाविशेषण तयार होतं. क्विकचं क्विकली, स्लोचं स्लोली, मग हार्डचं हार्डली का नाही? झालं! एका ‘ली’नं अख्खा अर्ज उलटा फिरला.

वर्ध्याहून सेलूमार्गे बोर धरणाकडे निघालं की हिंगणी लागतं. २०१४ साली बोर अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अशा जंगलाच्या काठावरच्या गावांत आता इंग्रजी फक्त दहावीच्या पेपरापुरती राहत नाही. मुक्कामाच्या खोल्यांची जाहिरात, पर्यटकाच्या मेसेजला उत्तर, पुण्यातल्या कंपनीला ई-मेल, बँकेला अर्ज, सगळं लिहावं लागतं. आणि पोरं अडतात कुठे? शब्द येत नाहीत म्हणून कमी, शब्द शेजारी-शेजारी कसे बसवायचे हे कुणी सांगितलेलं नसतं म्हणून जास्त. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी क्रियापदाजवळ कुठलं क्रियाविशेषण शोभतं, हा धडा कुठेच लागत नाही. क्लासवाले ‘एक हजार शब्द पाठ करा’ म्हणतात. हजार सुटे शब्द म्हणजे हजार सुट्या विटा. भिंत कशी बांधायची?

गंमत म्हणजे हा खेळ आपल्याला मराठीत जन्मापासून येतो. माणूस ढसाढसा रडतो, ढसाढसा हसत नाही. पाणी गटागटा पितात, भाकर मटामटा खातात, थंडीनं थरथर कापतात. चौकशी कसून होते, विरोध कडाडून होतो. ‘पोलिसांनी कडाडून चौकशी केली’ असं कुणी लिहिलं तर आपण लगेच थांबतो. नियम सांगता येत नाही, पण कानाला खटकतं. इंग्रजीचंही तस्संच आहे. तिथे विरोध ‘स्ट्राँगली’ करतात, चौकशी ‘थरोली’ करतात, नकार ‘फ्लॅटली’ देतात. पाऊस मात्र ‘हेविली’ पडतो, ‘स्ट्राँगली’ नाही. झोपतात ‘साउंडली’, म्हणजे आपलं गाढ. लख्ख आठवतं ते ‘व्हिव्हिडली’.

आता ‘साफ’ घ्या. आपण साफ नाकारतो आणि साफ विसरतोही. इंग्रजीत नकाराला ‘फ्लॅटली’ लागतं, विसरण्याला ‘कम्प्लीटली’. बोलताना इंग्रज माणूस ‘आय क्लीन फर्गॉट’ असंही म्हणतो, म्हणजे शब्दशः आपलं ‘साफ विसरलो’! पण ते घरगुती बोलणं झालं. मॅनेजरला लिहिताना ‘कम्प्लीटली’च बरं.

काही ठिकाणी तर क्रियाविशेषण शोधून सापडतच नाही. ‘गटागटा’ला इंग्रजीत काय म्हणायचं? डिक्शनरी उलटीपालटी केली तरी मिळणार नाही, कारण तिथे ते क्रियापदाच्या पोटातच बसलंय. गटागटा पिणं म्हणजे ‘गल्प’, मटामटा खाणं म्हणजे ‘गॉबल’, फिदीफिदी हसणं म्हणजे ‘गिगल’. आपण एक साधं क्रियापद घेतो आणि त्याच्यापुढे आवाजाचा शब्द ठेवतो. इंग्रजी बऱ्याचदा क्रियापदच बदलते. म्हणून ‘वेंट व्हेरी व्हेरी क्विकली’ लिहिण्यापेक्षा ‘रश्ड’ लिहिलं की काम होतं, आणि वाक्यही हलकं होतं.

जागेचा प्रश्न वेगळाच. मराठीत क्रियाविशेषण बहुतेक क्रियापदाच्या आधी येतं आणि क्रियापद शेवटी, त्यामुळे फारशी गडबड होत नाही. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन बसतं, कर्म त्याच्या मागून. या दोघांच्या मध्ये तिसऱ्यानं सहसा घुसायचं नसतं. ‘आय रेड केअरफुली द ॲडव्हर्टाइजमेंट’ हे खटकतं. ‘आय रेड द ॲडव्हर्टाइजमेंट केअरफुली’ हे सरळ. ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’ ही मंडळी मात्र मुख्य क्रियापदाच्या आधी जातात, आणि ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’ असेल तर त्याच्या मागे. एवढं एक जमलं तरी निम्मे अर्ज सुधारतील, असं आमचं मत आहे.

आणि मग आपला लाडका ‘च’! ‘मी उद्याच येतो’चं होतं ‘आय विल कम टुमॉरो ओन्ली’. आपसांत बोलताना चालतं, सगळ्या भारतात चालतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कागदावर ‘ओन्ली’ जिथे बसतो तिथला अर्थ बदलतो. बँकेला ‘आय हॅव सबमिटेड ओन्ली द डॉक्युमेंट्स’ असं लिहिलंत, तर तुम्हाला म्हणायचं असतं, ‘कागदपत्रं दिलीच आहेत.’ साहेबाला वाटतं, फक्त कागदपत्रं दिली, पैसे भरलेच नाहीत. तिथे ‘ऑलरेडी’ हवं होतं, आणि तेही ‘हॅव’च्या मागे: ‘आय हॅव ऑलरेडी सबमिटेड’.

आपल्या वऱ्हाडी-नागपुरीची तर आणखी एक खास अडचण आहे. ‘काय करून राहिला बे?’ ‘जेवून राहिलो.’ हे आपलं चालू काळाचं रूप इतकं सर्रास आहे, की ‘मले समजून नाही राहिलं’ हेही सहज निघून जातं. त्याची सावली इंग्रजीवर पडते आणि लिहिलं जातं, ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग.’ इंग्रजीत ‘नो’, ‘अंडरस्टँड’, ‘बिलीव्ह’ यांना बहुधा ‘आयएनजी’ लागत नाही. ही बोलीची चूक नाही. बोलीत ते पक्कं बरोबर आहे. फक्त ते सामान तसंच्या तसं पलीकडच्या गाडीत चढवता येत नाही.

पण हीच बोली दुसरीकडे मदतीला येते. पोरं घाबरतात त्या फ्रेजल व्हर्बांना. ‘अप’, ‘डाउन’, ‘आउट’ हे चिमुकले शब्द क्रियापदामागे का लागतात? विचार करा, आपण नुसतं ‘खा’ म्हणतो का? ‘खाऊन टाक’ म्हणतो. ‘ईट इट अप’ म्हणजे दुसरं काय? ‘लिहून घे’ म्हणजे ‘राइट इट डाउन’. आणि भलतंच ‘बोलून बसला’ म्हणजे ‘ब्लर्टेड आउट’. आपले ‘टाक’, ‘घे’, ‘बस’ जे करतात, तेच ते ‘अप’ आणि ‘डाउन’ करतात. हे एकदा दिसलं की अर्धी भीती जाते. वर्ध्यातच १९३७ साली शिक्षण परिषद भरली होती आणि तिथे मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव झाला. आमच्या मते परकी भाषा शिकवतानाही तो उपयोगी आहे. मराठी वर्गाबाहेर ठेवून इंग्रजी शिकवणारे हातातली शिडी फेकून देतात.

शब्दांच्या या जोड्या शिकणाऱ्यांसाठी पहिल्यांदा नीट गोळा झाल्या त्या लंडनमध्ये नव्हे, टोकियोत. हॅरल्ड पामर हा इंग्रज शिक्षक १९२२ साली जपानला गेला आणि १९३३ साली त्यानं अशा जोड्यांचा मोठा अहवाल काढला. त्याचा सहकारी ए. एस. हॉर्नबी यानं तिथेच शिकणाऱ्यांसाठी शब्दकोश रचला. १९४२ साली तो टोकियोत छापला गेला, पुढे ऑक्सफर्डनं घेतला आणि आज आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांच्या लायब्ररीत तो दिसतो. जपानी पोरं जिथे अडखळत होती, तिथून हे काम सुरू झालं. आपण पोरं मात्र तो शब्दकोश उघडून फक्त अर्थ शोधतो आणि खालची तिरप्या अक्षरातली उदाहरणं सोडून देतो. खरा माल तिथेच असतो. क्रियापद शोधलं की त्याच्यासोबत कोण आलंय ते बघा आणि जोडीच वहीत उतरवा. ‘रेकमेंड’ एकटं लिहू नका, ‘स्ट्राँगली रेकमेंड’ लिहा.

राहता राहिली हसणाऱ्यांची गोष्ट. ‘काइंडली डू द नीडफुल’ला हसणारे बरेच भेटतात. ती जुन्या कचेरीची इंग्रजी आहे, चूक नाही. तिची अडचण एवढीच, की नेमकं काय करायचं ते समोरच्याला कळत नाही. ‘दाखला शुक्रवारपर्यंत पाठवा’ असं स्पष्ट लिहा, काम लवकर होईल. आणि जंगलातल्या रस्त्यावर ‘ड्राइव्ह स्लो’ अशी पाटी दिसली, की कुणीतरी शहाणा गाडीतून म्हणतोच, ‘अरे, स्लोली पाहिजे ना?’ त्याला खुशाल सांगा, ‘स्लो’ हे कित्येक शतकांपासून क्रियाविशेषण म्हणूनही चालतं, जसं ‘हार्ड’, जसं ‘फास्ट’. ‘फास्टली’ असा शब्द तर वापरतच नाहीत.