समीकरणांची लेखणी

वर्गसमीकरणाचे सूत्र फळ्यावर लिहिण्यास गणिताच्या शिक्षकाला काही क्षण पुरतात. तेच सूत्र संगणकावर लिहावयाचे झाले की अपूर्णांकाची चौकट शोधा, वर्गमुळाचे चिन्ह शोधा, घातांक वर चढवा, असा माऊसचा खेळ सुरू होतो. मग कंटाळून समीकरणाचे छायाचित्रच टिपणात चिकटवले जाते. त्या चित्रातील चूक सुधारता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेतील शिक्षणाचा आग्रह धरला. पण मराठीतून गणित लिहिण्याची लेखणीच बोथट असेल, तर तो आग्रह कृतीत कसा उतरणार?

यावरील उपाय नवा नाही. १९७७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड नुथ यांच्या हाती त्यांच्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. अक्षरजुळणीचा निकृष्ट दर्जा पाहून ते खिन्न झाले. परंतु मुद्रकांना दोष देत न बसता स्वतःच कामाला लागले. अल्पावधीचे वाटलेले हे काम दशकभर चालले. त्यातून ‘टेक’ ही प्रणाली साकारली आणि नुथ यांनी ती जगाला विनामूल्य दिली. पुढे १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ उभे केले. आज गणिताचे बहुतेक शोधनिबंध त्यातच लिहिले जातात.

लाटेकमध्ये समीकरण आज्ञांनी लिहितात. हात कळफलकावरून हलत नाही. आज्ञा लांबलचक असतात, ही तक्रार खरीच. म्हणूनच एडिटर आपल्या हाताला जुळवून घ्यावा लागतो. विम, ईमॅक्स, व्हीएस कोड यांत संक्षेप ठरवता येतात. दोन तिरप्या रेघा टंकताच अपूर्णांकाची पूर्ण आज्ञा उमटते. अंश लिहून टॅब दाबला की कर्सर छेदात जातो. पथ्य एकच : संक्षेप समीकरणाच्या आतच चालावेत, अन्यथा साध्या गद्याचीही मोडतोड होते. दुसऱ्याचे शंभर संक्षेप उसने घेण्यापेक्षा स्वतःला नित्य लागणारे दहा पुरेसे.

मराठीची अडचण थोडी वेगळी आहे. झीलाटेक आणि लुआलाटेक युनिकोड देवनागरी थेट स्वीकारतात. मात्र आज्ञा रोमन लिपीत असल्याने प्रत्येक समीकरणापाशी कळफलक बदलावा लागतो. त्यासाठी एकच कळ नेमावी आणि संक्षेपही शक्य तेथे मराठीत ठेवावेत. ‘वमू’ लिहिताच वर्गमुळाची आज्ञा उमटली, तर लिहिणाऱ्याची विचारसाखळी तुटत नाही.

ही साधने विनामूल्य आहेत. खर्च आहे तो एका रविवारचा आणि पुढील काही आठवड्यांच्या चिकाटीचा. एका शिक्षकाने बसवलेली घडी शाळेतील सर्वांना वापरता येईल. मातृभाषेचा अभिमान भाषणांतून पुष्कळ व्यक्त झाला. आता तो शुद्ध, सुधारता येणाऱ्या समीकरणांतूनही दिसावा.