मेगापिक्सेलच्या आधी खिडकी पाहा

१९९१ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संगणक संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखून ठेवला. भांड्यात कॉफी उरली आहे की नाही, हे जागेवरून उठण्याआधी कळावं एवढीच गरज. चित्र १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, तेही करडं. तरी काम भागलं, कारण काय पाहायचं आहे हे पक्कं ठरलेलं होतं.

घरच्या संगणकासाठी वेबकॅम घेताना मात्र नजर आधी खोक्यावरच्या मेगापिक्सेलकडे जाते. स्वस्त कॅमेऱ्यांत हा आकडा पुष्कळदा सॉफ्टवेअरनं फुगवलेला असतो. परदेशातल्या नातवंडांशी गप्पा मारायला ७२०पी पुरतं. रोजच्या मीटिंगांना १०८०पी घ्यावा.

शिकवणी घेणाऱ्यांनी ऑटोफोकस आहे का, हे आवर्जून विचारावं. फिक्स्ड फोकसच्या कॅमेऱ्यात चेहरा स्पष्ट दिसतो, पण गणिताची वही जवळ धरली की आकडे पुसट होतात, आणि पलीकडचा मुलगा तीन आहे की आठ याच घोळात अडकतो.

खरा फरक पडतो तो उजेडानं. खिडकी पाठीशी असेल तर महागड्या कॅमेऱ्यातही चेहरा काळवंडतो; टेबल फिरवून खिडकी समोर घेतली की तोच चेहरा उजळतो. उजेड कमी पडला की बरेच वेबकॅम प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतात. मग सेकंदाला ३० ऐवजी १५च चित्रं मिळतात आणि हात हलवला की फराटा दिसतो.

ट्यूबलाइटखाली पडद्यावर आडवे पट्टे सरकू लागले, तर कॅमेरा बिघडला असं समजू नये. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० असेल तर ५० करावं. पट्टे बहुधा जातात.

गाणं शिकवणाऱ्यांची अडचण निराळी. कॉलचं सॉफ्टवेअर तानपुऱ्याचा अखंड सूर पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाट समजून दाबून टाकतं. तिथं ‘ओरिजिनल साउंड’सारखी सोय चालू करावी आणि उरलेले पैसे वेगळ्या माइकवर घालावेत.

आणि मुळात खरेदी करायलाच हवी का, हेही तपासावं. अँड्रॉइड १४ किंवा त्यापुढचे काही फोन यूएसबी केबलनं जोडले की थेट वेबकॅम म्हणून चालतात. आठवडाभर तसं वापरून पाहिलं, की आपल्याला नेमकं काय कमी पडतंय ते दुकानात स्पष्ट सांगता येईल.