संशोधकांना कारखान्याची वाट दाखवा

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस घ्यावे लागते. त्याचे रक्त ज्या नळकांड्यातून शुद्ध होऊन परत येते, त्या डायलायझरमध्ये केसासारखे बारीक आणि आतून पोकळ असे सुमारे १० हजार तंतू असतात. तंतूच्या भिंतीला इतकी सूक्ष्म छिद्रे हवीत, की युरिया बाहेर पडावा. पण रक्तातील प्रथिने आतच राहावीत. असा एक तंतू प्रयोगशाळेत तयार करणे हुशार संशोधकाला जमते. तोच तंतू लाखो डायलायझरसाठी, रोज, एकसारखा काढणे ही मात्र वेगळी विद्या आहे. ती जाणणारी माणसे आपल्या कारखान्यांत फार थोडी आहेत.

प्रगत पदार्थांचे उत्पादन हा विषय उद्योग खात्याचा वाटतो. पण त्याचे बिल रुग्णाच्या हाती पडते. स्टेंट, कृत्रिम गुडघा, डोळ्यातील भिंग, हृदयाची झडप या साऱ्यांचा जीव त्यांच्या मटेरियलमध्ये असतो. उद्योगक्षेत्राच्या अंदाजानुसार देशातील वैद्यकीय उपकरणांची ७० टक्क्यांहून अधिक गरज आयातीवर भागते. केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या आणि ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. रुग्णांना त्याचा मोठा दिलासा मिळाला. परंतु किंमत ठरवणे सरकारच्या हाती असते. वस्तू बनवण्याची कुवत आदेशाने येत नाही.

ती कुवत येते कशी, हे तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने दाखवले आहे. शल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने तेथे डॉक्टर आणि अभियंते एका छताखाली आले. झडपेचे पहिले तीन नमुने अपयशी ठरले. चौथ्यात कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि विशेष पॉलिथिलीनची चकती जुळून आली. डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्या रुग्णाला बसली. पुढे चेन्नईच्या टीटीके समूहाने तिचे उत्पादन हाती घेतले आणि आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना ती मिळाली. धातू, पॉलिमर आणि शस्त्रक्रिया जाणणारी माणसे वर्षानुवर्षे एकत्र राबली, म्हणून हे घडले.

आज अशी माणसे तयार होतात, पण पोहोचतात कुठे? मुंबईच्या आयआयटीत, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि विद्यापीठांत मटेरियल सायन्स व पॉलिमर या विषयांत तरुण पीएच.डी. करतात. त्यातील अनेक जण परदेशी जातात. मागे राहिलेल्यांपैकी कित्येक जण प्राध्यापकाच्या जागेची वाट पाहत तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. कारखान्यात जाणे म्हणजे संशोधन सोडणे, असा समज घरात असतो आणि मार्गदर्शकांच्या मनातही. कारखानदारालाही पीएच.डी. झालेला उमेदवार पुस्तकी वाटतो. कमी पगारात काम करणारा पदविकाधारक त्याला सोयीचा पडतो.

दोघांचेही म्हणणे अगदी खोटे नाही. पाच वर्षांच्या संशोधनात विद्यार्थी एक उत्तम नमुना करतो आणि त्यावर निबंध लिहितो. शंभरावा नमुना पहिल्यासारखा का येत नाही, निर्जंतुकीकरणाच्या किरणोत्साराने पॉलिमर ठिसूळ का होतो, टायटॅनियमच्या पृष्ठभागावरचा बारीक ओरखडा पुढे तडा कसा बनतो, हे प्रश्न त्याला क्वचितच भेटतात. खरे तर हे संशोधनाचेच प्रश्न आहेत, आणि ते कारखान्यातच सुटतात.

म्हणून भरतीची सुरुवात पदवीनंतर करून भागणार नाही. ब्रिटनने १९९२ मध्ये अभियांत्रिकी डॉक्टरेटची योजना सुरू केली. तीत विद्यार्थी चार वर्षांतील बहुतेक काळ उद्योगात, तिथल्याच प्रश्नावर काम करतो. आपल्याकडेही प्रत्येक प्रबंधाला उद्योगातील एक सहमार्गदर्शक आणि किमान सहा महिन्यांचे कारखान्यातील काम का असू नये? कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली आहे. पाच वर्षे खपलेल्या संशोधकाला उद्योगाने त्याहून फारसे जास्त देऊ केले नाही, तर तो यावा कशाला? लहान कारखान्यांना हा पगार झेपत नसेल, तर पहिल्या दोन-तीन वर्षांचा वाटा सरकारने उचलावा. संशोधन आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. यंत्रांइतकाच माणसांवरही त्यातला पैसा खर्च व्हावा.

सरकारी रुग्णालयांनाही यात काम आहे. झिजलेला सांधा किंवा तुटलेली पट्टी शस्त्रक्रियेने बाहेर काढली, की बहुधा ती कचऱ्यात जाते. रुग्णाच्या संमतीने आणि नोंदीसह ती संशोधकाच्या हाती दिली, तर पुढची पट्टी अधिक टिकाऊ बनेल. वैद्यकीय महाविद्यालय, संशोधन संस्था आणि कारखाना यांनी मिळून विद्यार्थी निवडावेत आणि तिघांनी त्यांना घडवावे.

राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण २०२३ मध्ये आले. त्यात मनुष्यबळाचा उल्लेख आहेच. आता दरवर्षी किती संशोधक या कारखान्यांत रुजू झाले आणि किती टिकले, हा आकडा सरकारने जाहीर करावा. डायलिसिसच्या खाटेवर पडलेल्या माणसाच्या दृष्टीने किती शोधनिबंध छापले गेले, यापेक्षा हा आकडा अधिक मोलाचा आहे.